हंसराजावरची सावली

१

दुपारचा चहा झाला की कुंपणापाशी जाऊन व्हर्नाच्या पश्चिमेच्या व्हरांड्याकडे एकदा बघायचं, ही माझी फार जुनी सवय. आमच्या रॉकहॅम्प्टनला सकाळचं ऊन माणसासारखं वागतं. दुपार कलली की ते पिसाळतं, वळचणीखालून आडवं आत शिरतं आणि सावलीत वाढणाऱ्या कुंड्यांना असं भाजतं की दुसऱ्या दिवशी पानं हातात चुरतात. म्हणून इथे ज्यांना नेचे, बिगोनिया, हंसराज लावायची हौस असते, ती माणसं झाडांपेक्षा सावलीलाच जास्त जपतात. कुणी बांबूचे पडदे सोडतं, कुणी जाळी ठोकतं. व्हर्नाकडे आंबा होता.

अंगणाच्या पश्चिमेच्या कडेला, घराहून उंच. फळ रेषाळ, चोखूनच खायचं. घर खांबांवरचं, त्यामुळे व्हरांडा थेट आंब्याच्या फांद्यांच्या पातळीला. त्या पानोळ्याआड व्हरांडा दिवसभर विहिरीसारखा गार असायचा. भिंतीवर फळ्यांना बांधलेले सांबरशिंगी नेचे होते, त्यांच्या मागे व्हर्ना केळीच्या साली खोचायची. कडेला बिगोनिया. आणि मधोमध, कपडे उकळायच्या जुन्या तांब्याच्या हंड्यात, हंसराज. तो हंड्यातून ओसंडून जमिनीच्या फळ्यांपर्यंत लोंबत होता. देठ काळे, केसासारखे, आणि पानं इतकी हलकी की शेजारून मांजर गेलं तरी सगळा हंसराज थरथरायचा. त्याला ती गार झालेला चहा घालायची. जागा बदललेली त्याला अजिबात खपायची नाही. एकदा रंगकामासाठी हंडा थोडासा सरकवला, तर तो रुसला आणि निम्मा झडला.

नोव्हेंबरात, आमच्याकडचा उन्हाळा तापायला लागतो तेव्हा, वादळ आलं. त्यात व्हर्ना मागच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला गाडीत घालून नेलं तेव्हा आंबा उभा होता. ती गेल्यावर वाऱ्याने दिशा बदलली.

झाड धाडकन पडतं असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. हे तसं पडलं नाही. ओलं गोणपाट कुणीतरी सावकाश फाडावं तसा आवाज बराच वेळ येत राहिला. मग शांत झालं. सकाळी सगळी गल्ली बादल्या घेऊन कैऱ्या वेचायला आली, घरोघर चटणी शिजली. करवतवाले आले, झाडाचे तुकडे करून घेऊन गेले. जमिनीलगत खुंट तेवढा राहिला.

आणि त्या दुपारी, मी तिथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, व्हर्नाच्या व्हरांड्यात ऊन शिरलं.

२

व्हर्नाला मूल नाही. बहिणीची मुलगी लॉरेल ब्रिस्बेनहून धावत आली. लहानपणी तिच्या सगळ्या सुट्ट्या इथेच गेलेल्या, त्यामुळे मला ती अंकल म्हणते.

"अंकल, आंब्याचं आंटीला सांगायचं नाही हं," ती दवाखान्याच्या दारातच म्हणाली. "ऑपरेशन व्हायचंय. छातीत कफ भरलाय. तिने ऐकलं तर उठून बसेल आणि पुन्हा पडेल."

"मी कशाला सांगतोय?" मी म्हणालो.

खरंच, आमच्याकडे वाईट बातमी सांगायची रीतच नाही. छप्पर उडालेलं असलं तरी विचारणाऱ्याला 'झकास चाललंय' म्हणायचं, आणि मग त्याच्याकडे शिडी मागायची.

व्हर्ना उशांना टेकून बसली होती. मला बघताच म्हणाली, "हंसराज?"

"आधी मी कसा आहे ते विचारायचं असतं."

"तू कसा आहेस ते दिसतंय. दाढी केली नाहीस. हंसराज?"

"झकास."

"चहा गार करून घालतोस ना? गेल्या वेळी वाफाळता ओतला होतास, गाढवा. जन्मभर रेल्वेच्या रुळांवर राबलास, अक्कल त्या खडीतच पुरून आलास."

"दूधसाखर घालून देऊ का त्याला?"

ती हसली आणि खोकली. खोकला थांबेना तेव्हा सिस्टर लिटियाने येऊन तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे डोळे वटारले.

मग व्हर्ना हळू आवाजात म्हणाली, "लॉरेल मला म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवायचं म्हणते. तिचंही चूक नाही. मी तिला सांगितलंय, हंसराज जगला तर मी माझ्या घरी जाणार. मेला तर मुकाट तिकडे जाईन. मग घरी जाऊन करायचं काय, काड्या बघत बसायचं?"

"त्याला काही होत नाही."

"तू बघशील ना, क्लेम?"

"बघतो म्हणालो ना. आता आभारबिभार मानू नकोस."

"वेडी आहे का मी?" ती म्हणाली. रोपाच्या कामाला आभार मानले की रोप मरतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. "आंबा कसाय?"

"झकास," मी म्हणालो.

३

मी आपला उन्हाशी झगडायला लागलो. दुकानातली शेडनेट वादळानंतर पहिल्याच दिवशी संपली होती, कारण सगळ्याच गावाची झाडं पडली होती. मी व्हरांड्याला तार बांधली आणि व्हर्नाच्या जुन्या चादरी ओल्या करून तिच्यावर टाकल्या. गरम वारा त्यांना बघता बघता वाळवायचा आणि शिडासारखं फडफडवायचा. मी पुन्हा बादलीत बुडवायचो, पुन्हा टाकायचो. चादर उडून जरा फट पडली की उन्हाची पट्टी हंसराजावर पडायची, आणि जिथे पडेल तिथली पानं आक्रसून तांबूस व्हायची. हंड्याच्या पश्चिमेच्या बाजूचा एक झुबका तसा गेलाच. तो मी कात्रीने कापून खिशात घातला. का, ते मला सांगता येणार नाही. टाकवेना.

एके दिवशी जेवण झालं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. जाग आली तेव्हा ऊन माझ्या स्वयंपाकघराच्या समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मी तसाच अनवाणी पळालो. चादरी बादलीत पडलेल्या होत्या, तार रिकामी होती.

व्हरांड्यात पाय टाकला आणि थबकलो. पायाखालच्या फळ्या गार होत्या.

हंसराज ताठ होता, ओलसर, नुकताच पाऊस पडून गेल्यासारखा. व्हरांडाभर सावली पसरली होती, आणि त्या सावलीत उजेडाचे लहान लहान गोल कवडसे हलत होते, दाट झाडाखाली हलतात तसे.

मी वर बघितलं. ढग आला असेल म्हटलं. आकाश धुतलेल्या ताटासारखं कोरडं होतं. पलीकडच्या घराचा पत्रा डोळ्यांत घुसत होता. पाण्याची टाकी उत्तरेला, ती इतकी लांब सावली टाकेल कशी? माझं घर तर दक्षिणेला. विजेचा खांब काठीएवढा बारीक. मी एकेक आठवत गेलो आणि एकेक खोडत गेलो. मग कठड्यावरून हात बाहेर काढला. हातावर लांबट पानांच्या सावल्या पडल्या, आणि माझा हात स्थिर असताना त्या हळूहळू हलत होत्या.

मी हात आत घेतला. चादरी पिळल्या, तारेवर टाकल्या आणि घरी आलो. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्या संध्याकाळी मी सगळा दोष त्याच्यावर ठेवला.

दोन दिवसांनी लॉरेल पत्रांची पेटी बघायला व्हर्नाच्या घरी आली. मी मुद्दाम चादरी काढून ठेवल्या आणि तिला व्हरांड्यात नेलं. भर दुपारचं ऊन बाहेर रटरटत होतं.

"अहाहा, किती गार आहे इथे," ती म्हणाली, कठड्याला टेकली आणि ऑफिसातल्या कुणाशी तरी फोनवर बोलत राहिली. कवडसे तिच्या केसांवरून, पांढऱ्या शर्टावरून फिरत होते. तिला काही म्हणजे काही वेगळं वाटलं नाही. लहानपणापासून ती इथे अशाच सावलीत उभी राहिली होती ना! माणूस सावलीकडे बघतच नाही. चटका बसला की मगच तिची आठवण होते.

त्या दिवसापासून चादरी भिजवायच्या बंद केल्या.

४

नाताळ जवळ आला की आमच्याकडे सूर्य मध्यान्हीला बरोब्बर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या पायातच मुरते. माणूस चालताना मागेपुढे काही घेऊन चालत नाही. अशा एका दुपारी मी व्हर्नाच्या कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात उतरलो, तर कोंबड्या खुराड्याजवळ नव्हत्या.

त्या खुंटापाशी होत्या. सगळ्या जणी खुंटाभोवती मातीत पंख पसरून पडल्या होत्या, एका गोलात, आणि त्या गोलाच्या बाहेर एकीचं पीसदेखील नव्हतं. कारण गोल दिसत होता. सगळं अंगण पांढरं पडलं होतं, एका वस्तूलाही सावली नव्हती, आणि मधोमध एक सावली काळसर ओल सांडल्यासारखी पसरली होती. कडा खालीवर होत होत्या, पानं वाऱ्यावर हलली की होतात तशा. वारा नव्हता.

मी दाण्याचा डबा खाली ठेवला. परत जावं असं वाटलं, पण एवढी वर्षं शेजारी काढली त्या झाडाला घाबरायचं, याची लाजही वाटली. मी टोपी काढली आणि आत पाऊल टाकलं.

आधी वास आला, कैरीच्या देठातून चीक येतो त्याचा. मग गारवा खांद्यांवर उतरला. कोंबड्या घशात कुरकुरत होत्या, तेवढाच आवाज. मी बराच वेळ खुंटाकडे बघत उभा राहिलो. करवतीच्या दातांच्या खुणा त्याच्यावर तशाच होत्या, मुंग्यांची रांग त्यावरून चालली होती.

मग मी वर बघितलं.

वर झाड नव्हतं, मोकळं आकाश होतं. आणि सूर्य होता, सरळ माझ्या तोंडावर, पूर्ण उघडा. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि तो डोळ्याला लागत नव्हता. एखाद्याच्या झोपलेल्या तोंडाकडे बघावं तसा मी सूर्याकडे बघत होतो. माझ्या गालांवर, पापण्यांवर सावली होती. ती माझ्या आणि सूर्याच्या मध्ये कुठेतरी होती आणि फार मोठी होती.

देवळात उभं राहिल्यासारखा मी उभा होतो. तिथून निघावंसं वाटत नव्हतं.

५

"पिकायला लागला का आंबा?" व्हर्नाने विचारलं. ऑपरेशन झालं होतं, पण छाती सुधारत नव्हती. आवाज बारीक झाला होता.

"लागलाय की. फांद्या वाकल्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हंसराजाला चहा घालत होतो. फळ्यांवरच्या पानांच्या सावल्यांत लांबोड्या, जड सावल्या दिसल्या. लांब देठांवर लटकणाऱ्या. मी चहाची वाटी हातात धरून त्या बघत राहिलो. तेवढ्यात डोक्यावरच्या पत्र्यावर धप्प झालं आणि काहीतरी गडगडत वळचणीपर्यंत आलं. इथे प्रत्येकाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. मी खाली जाऊन सगळं गवत शोधलं. काही पडलेलं नव्हतं.

"मग एखादा आण ना मला," व्हर्ना पुढच्या भेटीत म्हणाली.

मी बाजारातून घेतला, पिशवीत घालून नेला. तिने हातात धरला, देठाशी हुंगला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

"हा दुकानातला."

"छे गं."

"क्लेम, मला खोकला झालाय. नाक अजून आहे. आपला कुठाय?"

"आपले सगळे वटवाघळांनी खाल्ले," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार? "खूप आलीत यंदा."

"मेली! दरवर्षीचंच आहे."

परतताना मी गाडी मुद्दाम हळू चालवली. कारण आता मला ठाऊक होतं की दुपारी काय दिसणार. मी व्हरांड्यात गेलोच नाही, माझ्या कुंपणाशी उभा राहिलो. पण ऊन तिरपं झालं तशा सावल्या लांबल्या, आणि व्हर्नाच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर फांद्या चढल्या. फांद्यांना ती उलटी टांगलेली होती, पंख गुंडाळून, झोपेत अंग खाजवत. भिंत भरली होती. शेजारचा रस्त्यावरून कुत्रा घेऊन गेला, मला हात करून म्हणाला, "काय क्लेम, कसं काय?"

"झकास," मी म्हणालो.

रात्र होईपर्यंत मी विचार करत बसलो. माझं डोकं काही मोठं नाही, पण एवढं त्याला कळलं की हा प्रकार माझ्या डोळ्यांत नाही. मी दवाखान्यात जे बोलतो आणि ती जे ऐकून मान हलवते, ते इथे येऊन उभं राहतं. आणि ते उभं आहे तोवर हंसराज हिरवा आहे. म्हणजे मी आता गप्प तरी कसा बसू, आणि बोलू तरी काय?

ठरवलं की तोंड कमी उघडायचं. हो, नाही, बघू. बस.

६

त्या आठवड्यात तिला ताप चढला. सिस्टर लिटिया मला बाजूला घेऊन म्हणाली, "आज फार बोलायला लावू नका, काका. मधूनमधून भरकटतात त्या."

व्हर्नाचे डोळे चकाकत होते. मी तिच्याजवळ बसलो. तिने माझा हात धरला. एरवी ती हात धरणारी बाई नाही.

"वटवाघळं गेली का?"

"हं," मी म्हणालो.

"हं काय? गेली का?"

"बघू."

"मग रेग काय करतोय?" ती चिडून म्हणाली. "बसलाय नुसता झाडाखाली? डबा वाजवत नाही का?"

रेग तिचा नवरा. माझ्याच टोळीत रुळांवर होता. आंबा पिकायला लागला की कॅनव्हासची खुर्ची टाकून तो झाडाखाली बसायचा आणि वटवाघळं आली की रॉकेलचा रिकामा डबा बडवायचा. फार न बोलणारा माणूस. तुम्ही एखादं जड ओझं उचलायला वाकलात की विचारणं नाही, सांगणं नाही, येऊन दुसरं टोक धरायचा. त्याला जाऊन वीसेक वर्षं झाली. त्याच खुर्चीत, एका दुपारी. त्याची शवपेटी ज्यांनी खांद्यावर घेतली त्यांत मी होतो.

नाही म्हणावं तर तिच्या तापलेल्या तोंडावर तिच्या नवऱ्याचं मरण पुन्हा मारायचं. तिने माझा हात घट्ट दाबला.

"वाजवतो ना," मी म्हणालो. "वाजवतो की."

तिने डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाली आणि झोपली.

मी घरी जायचं टाळलं. नदीवर गेलो, पुलाखाली मासे धरणाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पण हंसराज दिवसभर तहानलेला होता आणि मी शब्द दिला होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा गल्लीत शिरलो.

गाडीचं इंजिन बंद केलं आणि ऐकू आलं. टण्. टण् टण्. थोडा वेळ काही नाही. टण्. आळसावलेलं, बसल्या बसल्या, दुसरंच काही मनात असल्यासारखं. तो असाच वाजवायचा.

मी किटली भरली. जिन्याने वर गेलो, कारण न जाता चालणार नव्हतं. व्हरांड्यात भिंतीला टेकून वर्षानुवर्षं मिटलेली ती खुर्ची हंसराजाशेजारी उघडून ठेवलेली होती. कॅनव्हासला मध्ये खोलगा पडला होता. मी तिच्याकडे पाठ करून हंसराजाला चहा घातला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कठड्यावरून खाली एकदा, फक्त एकदाच, बघितलं.

गवतावर आंब्याची सावली पसरली होती. बुंध्याच्या सावलीला लागून आणखी एक सावली होती, बसलेली. गुडघे, पोट, रुंद कडेची टोपी. टोपी वर झाली, कुणी हाक मारल्यावर माणूस मान वर करतो तशी.

मी रिकामी किटली उंचावली. चहा झाला का, अशी खूण आम्ही रुळांवर एकमेकांना करायचो तशी. हात आपोआप वर गेला. भीती वाटत होतीच, नाही कशाला म्हणू? पण ओळखीच्या माणसाला खूण न करता निघून जाणं मला जमलं नाही.

७

ताप उतरला. छाती मोकळी झाली. डॉक्टरलाच नवल वाटलं म्हणतात. नाताळ होऊन गेला आणि व्हर्नाला घरी सोडायचं ठरलं.

लॉरेल सकाळीच आली. पुढच्या पायऱ्यांवर तिने लाकडी उतार करून घेतला होता. व्हरांड्यात आली, हंसराजाभोवती फिरली आणि म्हणाली, "मानलं अंकल तुम्हाला! आंटी जिंकली." मग पकडीने माझी चादरींची तार तोडून गुंडाळली. "वॉकर घेऊन चालताना गळ्याला लागेल तिच्या." चादरी गाडीत टाकल्या, धुलाईला.

मग सहज म्हणाली, "आंब्याचं तिला आज गाडीत सांगते."

"नको," मी म्हणालो.

"अहो, घरी येऊन एकदम खुंटच बघितला तर?"

"नको सांगू, लॉरेल. माझं ऐक."

"मग काय करायचं? खुंटावर टोपी घालून ठेवू?" ती हसली, आणि माझं तोंड बघून हसू आवरलं. "अंकल, ती लहान मूल आहे का? तिच्या घरातलं तिला कळायला नको?"

तिचं खरं होतं. मला वाद घालता येत नाही. खरं काय ते सांगितलं असतं तर तिने दवाखान्यात एक खाट माझ्यासाठीही मागितली असती.

त्या दुपारी असं तापलं होतं की पत्रे तडतडत होते. मी व्हरांड्यात हंसराजाजवळ बसलो. पश्चिमेला सूर्य वळचणीखाली उतरला होता, तरी सावली गार आणि दाट होती. कवडसे माझ्या पायांवर खेळत होते. खाली अधूनमधून डबा वाजत होता. मी वाट बघत होतो.

कवडसे थांबले.

हलता हलता सगळे एकदम थांबले, कुणी श्वास धरावा तसे. डबा थांबला. मग भिंत कोसळावी तसं ऊन आत आलं.

मला कळलं. गाडीत, कुठल्यातरी वळणावर, लॉरेलने सांगून टाकलं होतं.

ऊन हंसराजावर पसरलं आणि पानांच्या कडा माझ्या डोळ्यांदेखत आत वळायला लागल्या. मी उठलो आणि कठड्याला पाठ लावून त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये उभा राहिलो. हात पसरले. आत पांघरूण असेल, आणायला जावं, असं मनात आलं. पण मी हललो की ऊन त्याच्यावर पडणार, आणि एवढ्या उन्हात मी आत जाऊन येईपर्यंतसुद्धा तो टिकला नसता. शर्ट काढून हातांवर ताणला. माझी सावली हंड्यावर पडली. मी वाळका माणूस. निम्मा हंसराज झाकला, निम्मा उघडा. डावीकडे सरकलो की उजवीकडचा भाजायचा. पाठीची कातडी चुरचुरायला लागली, हात भरून आले. ती घरी पोचेपर्यंत हा मेला तर ती दारातूनच परत फिरेल, हे मला दिसत होतं. मी मोठ्याने, कुणाला उद्देशून ते माहीत नाही, म्हणालो, "अरे, मला एकट्याला पुरत नाहीये."

मग माझ्या सावलीशेजारी दुसरी आली.

फळ्यांवरून सरकत आली, खांद्याला खांदा लावून थांबली. माझ्यापेक्षा रुंद. डोक्यावर रुंद कडेची टोपी. तिने हात वर केले नाहीत की काही नाही, नुसती उभी राहिली, आणि हंसराजाचा उघडा पडलेला निम्मा भाग तिच्यात बुडाला. माझ्या डाव्या बाजूला कुणी श्वास घेत असल्याचं मला ऐकू आलं नाही. मी मान वळवली नाही. मला वळवावीशीही वाटली नाही. रुळाचं एक टोक आपल्या खांद्यावर असतं तेव्हा दुसऱ्या टोकाकडे कुणी बघत नाही, वजन विभागलेलं अंगाला कळतं. तसं मला कळलं होतं.

आम्ही उभे राहिलो. ऊन तांबडं झालं. सावल्या हंसराज ओलांडून भिंतीवर चढल्या, छतापर्यंत गेल्या.

गाडीचा आवाज आला. लॉरेल धापा टाकत वर आली, "अंकल, उशीर झाला हो. आंटीने नदीकाठी गाडी थांबवायला लावली. रडली नाही, काही नाही, नुसती पाण्याकडे बघत बसली. अहो, हे काय? शर्ट कुठाय तुमचा? पाठ बघा!"

तिच्या मागून वॉकरची टकटक हळूहळू आली. व्हर्ना व्हरांड्यात आली. अर्धी झाली होती. ती कठड्यापाशी गेली आणि खुंटाकडे बघत राहिली, इतका वेळ की लॉरेलने तिचा दंड धरला. तिने तो सोडवला. मग वळून हंसराजाजवळ आली, वाकली, आणि पानांखाली तळहात घातला. पानं ओलसर होती. सगळा हंसराज तिच्या हातावर थरथरला.

"सांबरशिंगीला साली घातलेल्या दिसत नाहीत," ती म्हणाली.

मग तिने भिंतीवर बघितलं. माझ्याकडे नाही, भिंतीवर, जिथे शेवटचं ऊन होतं आणि त्यात आम्ही होतो. तिचं तोंड लहान मुलीसारखं झालं.

"ऊन गेलं," ती हळूच म्हणाली. "बसा आता दोघं."

"दोघं कोण, आंटी?" लॉरेलने विचारलं.

मी होतो तिथेच फळ्यांवर खाली बसलो. मग माझ्या शेजारच्या कॅनव्हासच्या खुर्चीने, एखादा जड माणूस दिवसभराचं काम उरकून टेकतो तेव्हा होतो तसा, सावकाश आवाज केला.